खोगीर उतरलेल्या घोडीविषयी



घोडीच्या पुढच्या पायांना सांधेवात, म्हणजे सांध्यातील कूर्चा झिजून हालचाल दुखरी होण्याचा विकार, जडला असून तिच्यावर यापुढे खोगीर चढवू नये असा निर्वाळा पशुवैद्याने दिला आहे. तेव्हा तिला दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभी करण्याचा विचार चिरंजीव भाच्याने मनातून काढून टाकावा. 22 वर्षांच्या लंगड्या घोडीला तेथे हौशी स्वार भेटणे कठीण. भेटलाच तर तिला वरातीत नाचविणारा किंवा टांग्याला जुंपणारा भेटायचा. वयामुळे वा व्याधीमुळे कामास अपात्र झालेल्या जनावराकडून काम घेणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे खरा, पण घोडी विकून मोकळा झालेला मालक त्यातून बहुधा सुटतो, आणि खोच तेथेच आहे.

घोडी ठेवायची ठरल्यावर जे चुकते ते दुष्टाव्याने नव्हे, हयगयीने. स्वारी थांबली की खरारा थांबतो, नालबंदाची फेरी चुकते, मोतद्दार नव्या घोड्याच्या मागे लागतो. बिनबोभाट चालू राहते ती एकटी चंदी, म्हणजे हरभरा व भरडीचा रोजचा खुराक, आणि आधी हात आखडायचा तो नेमका तिच्यावरच. कामाशिवाय मिळणाऱ्या धान्याने जनावर सुटते, रक्तातील इन्सुलिन वाढते, आणि खुराची कठीण भिंत व आतील हाड यांना जोडून ठेवणारे नाजूक पापुद्रे बिघडून सुटू लागतात. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो जडलेली घोडी पुढचे पाय पुढे ताणून टाचांवर भार देत उभी राहते, वळायला नाखूश असते, आणि तिच्या खुरावर तळहात ठेवला तर ते पुष्कळदा तापलेले लागते. म्हणून साधारण 350 किलो वजनाच्या घोडीला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे दिवसाला 5 ते 7 किलो वाळला चारा थोडा थोडा करून मिळावा, आणि चंदी किती द्यायची हे तिच्या बरगड्या हाताला किती लागतात हे पाहून ठरवावे. नाल काढले तरी खुरे वाढतच असतात, तेव्हा दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने ती तासलीच पाहिजेत.

दातांकडे तेवढेच लक्ष हवे. घोड्याची दाढ झिजेल तशी हिरडीतून वर सरकत राहते, परंतु उतारवयात वर सरकायला मुळात फारसे काही उरत नाही. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले बोळे पडलेले दिसले, की दात दाखवून घ्यावेत आणि कुट्टी भिजवून, कोंडा कालवून द्यावी.

चिरंजीवाने घोडीजवळ खाली बसून तिच्या पुढच्या पायांच्या खुरावरील सांध्यांची पुढची बाजू अवश्य पाहावी. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेतील स्वप्नावस्था त्याला आडवे झाल्याखेरीज मिळत नाही; सांधे दुखणारे जनावर पुन्हा उठता येणार नाही या धास्तीने बसतच नाही, झोपेच्या तुटीने उभ्या उभ्या कोलमडते, आणि तेथे केस गेलेल्या खरचटीचे व्रण उमटतात. असे व्रण दिसले तर भुशाचा जाड बिछाना घालावा आणि अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे व मागचे पाय जखडणारे दोर, कायमचे सोडून द्यावेत. पागेत दिवसभर बांधून ठेवण्याला विश्रांती म्हणणे ही शुद्ध आळसाची सबब आहे. आखडलेल्या सांध्यांना मऊ जमिनीवरची सावकाश चाल मानवते.

पशुवैद्याने मना केले नसेल तर सकाळ-संध्याकाळ हातात दोर धरून तिच्याबरोबर चालणे, हा स्वारीच्या जागी येणारा खरा आनंद आहे. पाठीवर बसलेल्याला घोडीचे कान आणि आयाळ तेवढी दिसते. शेजारून चालणाऱ्याला ती कोणत्या आवाजाने थबकते, कोणत्या बांधावर गवत हुंगते, कोणता पाय आज जपून टाकते, हे सगळे दिसते. खराऱ्याच्या वेळी मानेच्या मुळाशी, खोगिराच्या जागेच्या किंचित पुढे, बोटांनी जोराने खाजवावे. घोड्या एकमेकींना दातांनी खाजवतात ती हीच जागा, आणि तेथे खाजविल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे प्रयोगाने दिसून आले आहे. तिचा वरचा ओठ लांबून थरथरू लागला, म्हणजे नेमकी जागा सापडली असे समजावे. शेजारच्या पागेत दूध तुटलेली शिंगरे असतील तर ती तिच्या सोबतीला सोडावीत. तिच्या एका कान मागे पाडण्याने ती जितकी शिस्त शिकतात, तितकी मोतद्दाराच्या आरड्याओरड्याने शिकत नाहीत. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने एकटेपण तिलाही सोसत नाही.

तिला मरण देण्याचा शेवटचा निर्णयही आताच, डोके थंड असताना, पशुवैद्याशी बोलून ठेवावा. औषध घेऊनही ती चाऱ्यापर्यंत चालत जाईनाशी झाली, किंवा बसल्यावर तिला उठता येईनासे झाले, तर वाट पाहत बसू नये. काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा खणणारे यंत्र उतरत नाही, म्हणून तिला पुरण्यासाठी विहिरीपासून दूरची जागा उन्हाळ्यातच नक्की करावी.