कीटकनाशकांचा कायदा आणि फवारणी करणारा मजूर

पिकावरील कीड मारण्यासाठी आपण जे ‘औषध’ आणतो ते वस्तुतः विष होय. त्याच्या विक्रीवर व वापरावर कायद्याचे नियंत्रण का आले, आणि ते कोठे अपुरे पडते, हे ग्रामसेवक व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सन 1958 मध्ये केरळात व लगतच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नात मिसळून शंभराहून अधिक माणसे दगावली. विष व खाद्यपदार्थ एकाच जहाजातून नेण्यात आले होते. वाटेत विष गळून ते पिठात उतरले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने याची चौकशी केली. पुढे 1968 साली कीटकनाशक कायदा संमत झाला. डब्यावरील रंगीत त्रिकोण हा या कायद्याखालील नियमांनीच आला. लाल म्हणजे अतिजहाल. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. निरक्षर माणसासही तो कळू शकतो, मात्र कोणीतरी तो त्यास एकदा समजावून दिला पाहिजे.

तथापि या कायद्याचा भर मुख्यतः कारखाना व दुकान यांवर राहिला. स्वतःच्या लागवडीखालील जमिनीत केलेला वापर कलम 38 ने कायद्यातून वगळला. शेतकऱ्यामागे तपासनिसाचा जाच लागू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु पंप ज्याच्या पाठीवर असतो तो पुष्कळदा मालक नसून रोजाने आलेला मजूर असतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा अंगावरच येतो, हे ज्याने फवारणी केली आहे त्यास सांगावयास नको.

अशा वेळी राज्य सरकारला काय करता येते? कलम 27 अन्वये विक्री 60 दिवस, व तपास अपुरा राहिल्यास फार तर आणखी 30 दिवस थांबविता येते. कायमची बंदी केंद्राच्या हाती. मृताच्या कुटुंबास भरपाई देण्याची तरतूद 1968 च्या कायद्यात नव्हतीच. 2008 व 2020 साली संसदेत नवी विधेयके मांडली गेली. आमच्या मते कोणत्याही सुधारणेची खरी कसोटी एकच: ती मजुरापर्यंत पोहोचते काय?

विषबाधेची खबर देणे बंधनकारक करण्याचा अधिकार कलम 26 ने राज्यास दिलेला आहे. म्हणून गावात कोणास फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे असा त्रास झाल्यास ग्रामसेवकाने ती गोष्ट आरोग्य केंद्रास व कृषी खात्यास तात्काळ लेखी कळवावी. रोग्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. दवाखान्यात नेताना औषधाची बाटली व माहितीपत्रक बरोबर न्यावे. दोन औषधे मिसळली असल्यास दोन्ही न्यावीत. ॲट्रोपीन हे काही विषांवर गुणकारी आहे, सर्वांवर नाही, आणि डॉक्टरांस ते बाटली पाहूनच ठरविता येते.