देवळाली : एक नाव, तीन कारभार
(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी पाठ-टाचण)

नागरिकशास्त्र शिकविताना ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका अशी नावे मुलांकडून पाठ करवून घेतली जातात. परंतु या संस्था जन्मतात, वाढतात आणि कधी कधी संपुष्टातही येतात, हे मुलांच्या ध्यानी येत नाही. देवळाली परिसराचे उदाहरण यासाठी फार उपयुक्त आहे.

प्रथम नावाचा उलगडा करावा. देवळाली गाव हे जुने खेडे नाशिकरोडला लागून आहे. देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी त्याच्या नैर्ऋत्येस काही किलोमीटरवर आहे. ब्रिटिश अमलात विलायतेहून येणारे व तिकडे परतणारे सैनिक या छावणीत मुक्काम करीत. पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र येथे आले. छावणीचा कारभार छावणी परिषद पाहते, आणि ती केंद्रीय संरक्षण मंत्रालयाच्या अधीन असते. कॅम्पला लागूनच भगूर आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे हे जन्मगाव आपली नगरपरिषद आजही राखून आहे. एकमेकांस खेटून असलेल्या या वस्त्यांचे कारभारी असे निरनिराळे आहेत. हे का घडले, हाच पाठाचा मुख्य प्रश्न होय.

त्याचे उत्तर रेल्वेपासून सुरू होते. १८६० नंतरच्या दशकात थळ घाट चढून लोहमार्ग वर आला, तेव्हा तो नाशिक शहरातून न जाता सुमारे आठ किलोमीटर दुरून गेला. स्थानकाभोवती वसलेली वस्ती नाशिकरोड या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२५ च्या सुमारास तेथे सरकारी तिकिटांचा व मुद्रांकांचा छापखाना आला व १९२८ मध्ये चलनी नोटांचा. कामगार आले, चाळी उठल्या, दुकाने थाटली गेली. पाणी, दिवाबत्ती, गटारे आणि शाळा यांची निकड भासू लागली. नाशिकला १८६४ पासून नगरपालिका होती. पण तिची हद्द इतक्या दूरवर पोहोचत नव्हती. म्हणून शेजारचे देवळाली गाव व नाशिकरोड यांची मिळून स्वतंत्र नगरपालिका झाली. खेड्याच्या मातीत रुजलेली व कामगार वस्तीवर पोसलेली अशी ही नाशिकरोड-देवळाली नगरपालिका होती.

पुढे सातपूरला औद्योगिक वसाहत झाली आणि शहरे वाढत वाढत एकमेकांना भिडली. पाणीपुरवठा, रस्ते व सांडपाणी यांची योजना तुकड्यातुकड्यांनी करणे कठीण होऊ लागले. अखेर ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या तीन नगरपालिका आणि सभोवतालची विसाहून अधिक गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. छावणी मात्र केंद्राच्या कायद्याखाली असल्यामुळे बाहेर राहिली. एकाच नावाची दोन गावे अशा रीतीने दोन भिन्न कारभारांत विभागली गेली.

या विलीनीकरणाने काय मिळाले व काय गेले, याचा विचार मुलांकडून करून घ्यावा. मोठ्या संस्थेस मोठी योजना हाती घेता येते. महानगरपालिका अधिनियमानुसार प्राथमिक शाळांची तरतूद हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. ही जमेची बाजू होय. खर्चाची बाजूही लपवू नये. पूर्वी नळ कोरडा पडला की नागरिक पायी जाऊन आपल्या नगरसेवकास गाठीत असे. १९८२ नंतर नव्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक होण्यास १९९२ साल उजाडले. मधली जवळजवळ दहा वर्षे प्रशासकाची होती. १९८२ साली पहिलीत बसलेले मूल दहावी होईपर्यंत त्याच्या आईवडिलांस आपला स्थानिक प्रतिनिधी निवडता आला नाही. पुढे १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थेची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती विसर्जित झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घेण्याचे बंधन घातले. हे कलम किती मोलाचे आहे, ते या उदाहरणावरून मुलांस सहज उमगेल.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थांकडे सोपविण्याचे धोरण केंद्र शासनाने स्वीकारले असून २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल येथून त्याचा आरंभ झाला. विलीनीकरणाचा जो प्रश्न देवळाली गावापुढे आला, तो कॅम्पमधील कुटुंबांसही परका नाही.

नगरपालिका गेली तरी तिच्या खुणा उरतात. नाशिकरोड हा आज महानगरपालिकेचा एक विभाग आहे. वडीलधाऱ्यांच्या जन्मदाखल्यांवर व जुन्या घरपट्टीच्या पावत्यांवर त्या नगरपालिकेचे नाव सापडते. संस्था नाहीशी झाली म्हणून तिने दिलेला दाखला खोटा ठरत नाही. तिचे दप्तर व जबाबदारी उत्तराधिकारी संस्थेकडे जाते. हे मुलांस आवर्जून सांगावे.

पाठोत्तर कार्य :
१. नाशिक, नाशिकरोड, देवळाली गाव, देवळाली कॅम्प व भगूर दाखविणारा नकाशा काढून प्रत्येक ठिकाणचा कारभार कोण पाहते ते निरनिराळ्या रंगांनी दाखवा.
२. घरातील एखादा जुना दाखला किंवा पावती पाहून ती कोणत्या संस्थेने दिली ते वहीत लिहा. मूळ कागद शाळेत आणू नये.
३. १९८२ पूर्वीचे दिवस आठवणाऱ्या एका वृद्ध व्यक्तीस विचारा : पाण्याची तक्रार तेव्हा कोणाकडे नेत असत, आणि आज कोणाकडे नेतात?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. आपला प्रतिनिधी कोण, हे ज्यास ठाऊक आहे त्याच्यापासूनच नागरिकत्वाची सुरुवात होते.