चाकाची खूण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ही हकिगत आहे. त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात 'बी-१७' नावाची चार इंजिनांची प्रचंड बाँबफेकी विमाने होती. दहा माणसांना घेऊन शत्रूच्या मुलखावर जायचे आणि तोफांच्या माऱ्यातून सुखरूप परतायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हते. परंतु या विमानांच्या बाबतीत कित्येकदा एक विलक्षण गोष्ट घडे. विमान धावपट्टीवर अलगद उतरे, चाके जमिनीला टेकत, आतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकीत. आणि तेवढ्यात ते अवाढव्य धूड एकाएकी खाली बसे व पोटावर फरफटत जाई. शत्रूची गोळी लागलेली नसे, की यंत्रही बिघडलेले नसे. खुद्द वैमानिकानेच चाके वर ओढून घेतलेली असत!

आकाशात ज्याने धैर्याची शर्थ केली, त्याने जमिनीवर आल्यावर असा अविचार का करावा? वरिष्ठांना वाटे, हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. 'वैमानिकाची चूक' असा शेरा मारला जाई आणि प्रकरण मिटे. बिचारा वैमानिक शरमेने मान खाली घाली. परंतु काही दिवसांनी दुसऱ्या एखाद्या वैमानिकाच्या हातून नेमकी तीच चूक होई.

ओहायो राज्यातील डेटन शहराजवळ राइट फील्ड हा सैन्याचा विमानतळ होता. तेथील प्रयोगशाळेत अल्फोन्स चॅपॅनिस नावाचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी वैमानिकांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या आसनासमोरील यंत्रे न्याहाळली. विमानाच्या पंखांना मागील बाजूस झडपा असतात. उतरताना त्या खाली केल्या म्हणजे विमान कमी वेगातही तोल सांभाळून खाली येते. उतरल्यावर त्या पुन्हा वर घ्याव्या लागतात. 'बी-१७' मध्ये झडपांची कळ आणि चाकांची कळ जवळजवळ होत्या, आणि दोन्ही दिसायला अगदी सारख्या! थकलेला वैमानिक झडपा वर घेण्यासाठी हात पुढे करी आणि हात पडे तो चाकांच्या कळीवर. 'सी-४७' या दुसऱ्या विमानात या दोन कामांची साधने निरनिराळी होती. तेथील वैमानिकांच्या हातून मात्र ही चूक होत नसे. माणसे सारखीच होती. फरक होता तो यंत्रांत.

चॅपॅनिस यांनी उपाय शोधला तो अगदी साधा होता. चाकांच्या कळीवर त्यांनी रबराचे एक लहानसे चाक बसवले आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा आकार दिला. आता अंधारातही, नुसत्या स्पर्शाने, बोटांना कळू लागले की आपण कशाला हात घातला आहे. ही कल्पना पुढे अमेरिकेच्या विमानविषयक नियमांत आली. तेथील नियमांप्रमाणे मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या दांडीची मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते.

परंतु अशा आणखी किती चुका होत असतील, हे कोणाला ठाऊक? त्या सांगू शकत होते केवळ वैमानिकच. म्हणून पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोन संशोधकांनी वैमानिकांना विनंती केली : स्वतःच्या हातून घडलेली किंवा डोळ्यांदेखत घडलेली एखादी चूक आम्हांला सविस्तर सांगा. शूर म्हणून ज्यांचा लौकिक, त्यांनी आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगायची, हे सोपे नव्हते. तरीही वैमानिकांनी ते केले. १९४७ साली या संशोधकांनी विमानातील कळा व दांड्या हाताळताना झालेल्या ४६० चुकांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या : एका साधनाऐवजी दुसऱ्यालाच हात घातला गेला होता. शिवाय इंजिनाच्या दांड्यांचा क्रम सगळ्या विमानांत सारखा नसे. एका विमानात हाताला लागलेली सवयच दुसऱ्या विमानात घात करी.

ज्याला त्याला आपली चूक एकट्याचीच वाटत होती. सर्व चुका एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांचे मूळ सापडले. वैमानिकांनी त्या मनातच दडवल्या असत्या, तर ते मूळही दडूनच राहिले असते आणि पुढच्या वैमानिकांनी पुन्हा तेथेच ठेच खाल्ली असती. शत्रूच्या तोफांसमोर जाण्यास धैर्य लागते. 'माझे चुकले, आणि ते असे चुकले,' हे सांगण्यासही तितकेच धैर्य लागते. पहिल्या धैर्याने लढाई जिंकता येते. दुसऱ्या धैर्याने, ज्यांना आपण कधी पाहिलेलेही नाही, अशा माणसांचे प्राण वाचतात.

अभ्यास

१. विमान सुखरूप उतरल्यावरही कोणती दुर्घटना होई? का?
२. चॅपॅनिस यांनी कोणता उपाय केला? तो अंधारातही कसा उपयोगी पडे?
३. स्वतःची चूक सांगण्यास धैर्य का लागते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.