पेडलचा डबा आधी ठरवा, सर्किट नंतर



तळेगाव, कामशेत, लोणावळा, कुठून कुठून पोरं आमच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात येतात. कोणी गिटारवाला, कोणी बँजो पार्टीतला. घरी सर्किट जोडून पेडल बनवलेलं असतं, आवाज मस्त येत असतो आणि सगळा माल चपलेच्या खोक्यात! काउंटरवर प्रश्न एकच: "दादा, याला बसेल असा डबा आहे का?" आजचा धडा त्या डब्यावर. व्हिडिओत हाताने करून दाखवलंय, इथे मापं आणि हिशोब लिहून देतोय.

आधी हे लक्षात घ्या की ही पायाने दाबायची वस्तू आहे. पायाला काम देणं आपल्याला नवीन नाही, संगीत नाटकातल्या पायपेटीचा भाता पायानेच चालायचा. पण पेडलवर माणूस तालाच्या भरात पाय आपटतो. तो धक्का स्विचच्या नटावर येतो आणि तिथून थेट डब्याच्या वरच्या पत्र्यावर. पत्रा वाकला की स्विच आत सरकतो, वायर तुटते आणि मांडवात ऐन गाण्यात आवाज बंद. त्या दिवशी गिऱ्हाईक तुमच्या सर्किटचं कौतुक करणार नाही.

दुसरं कारण गुणगुण. आजूबाजूच्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण उघडं सर्किट लगेच पकडतं. धातूचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडला की ती बरीचशी बाहेरच अडते. प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स घेतलात तर आतून कॉपरची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी लागेल. आवाजाचं काम त्याने भागतं, पण लाथ खायची ताकद काही येत नाही.

आता हाताशी काय मिळतं ते पाहू. चिक्की-बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसायला भारी, पण पत्रा फार पातळ. स्टीलचा टिफिन चालेल असं वाटतं, पण स्टीलला भोक पाडताना साधा ड्रिल बिट पटकन बोथट होतो आणि भोकाची कड फाटते. आमच्याच दुकानातला मॉड्युलर स्विचचा मेटल बॉक्स अनेक जण मागतात. तो उलटा करून वापरता येतो, पण बहुतेक बॉक्सना पाइपसाठी पाडायच्या चकत्या असतात. नेमक्या चकतीवर स्विच आला तर चार दिवसांत आत जाईल. शिवाय लोणावळ्याचा पाऊस माहितीये तुम्हाला, अनेक वर्षी ४,००० मिलिमीटरच्या पुढे. लोखंडी पत्र्याचा रंग उडाला की त्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. मी माझा माल विकायचा सोडून हे सांगतोय, म्हणजे विचार करा.

तयार वस्तू वापरणं यात कमीपणा काहीच नाही. लंडनच्या आर्बिटर कंपनीचं १९६६ चं फझ फेस पेडल गोल आहे, कारण ती कल्पना माइक स्टँडच्या गोल बैठकीवरून घेतली असं सांगतात. पण ती बैठक मुळातच जड, ओतीव. उधार घ्यायचंच तर असं घ्या.

विकायचं असेल तर सरळ ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स. कॅनडाच्या हॅमंड कंपनीचे नंबर आता जगभर मापासारखे वापरतात. १५९०बी म्हणजे साधारण ११२ × ६० × ३१ मिमी. १२५बी म्हणजे साधारण १२२ × ६६ × ३९ मिमी. नवशिक्यांनी १२५बी घ्यावा. १५९०बी मध्ये बॅटरी, स्विच आणि बोर्ड कोंबताना डोकं फिरतं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबा, तापकीर गल्लीकडे विचारा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड. नंबर सांगून विचारा, "पेडलचा डबा" म्हटलं तर दुकानदार गोंधळतो.

बॉक्स हातात आल्यावरच बोर्डाचं माप ठरवा. कागदावर खऱ्या मापात आखणी करून तो बॉक्सवर चिकटवा. सेंटर पंच, मग ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिलने मोठं. पाय स्विचला १२ मिमी, जॅकला साधारण ९.५, पॉटला बहुधा ७, पण तुमचा पार्ट मोजूनच. बॉक्स शिकंज्यात धरा, हातात धरून ड्रिल कधीच नाही. पावडर कोटिंग केलं असेल तर जॅकच्या वॉशरखालचा रंग आतून खरवडा. रंगातून वीज जात नाही, ग्राउंड मिळत नाही आणि मग पोरं सर्किटमध्ये दोष शोधत बसतात.

आता पैसे. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा जुगाडाचा डबा १५० ला पडला आणि त्यावर तीन तास कानस चालली. तासाचे १०० धरा, झाले ४५०. चारातला एक बिघडला, तर १,८०० रुपयांत तीनच चांगले, म्हणजे नग ६०० ला. ओतीव बॉक्स ६०० ला आला आणि पाऊण तासात झाला, तर ६७५. फरक फक्त ७५ रुपयांचा! तरी आपली माणसं १५० आणि ६०० असेच आकडे शेजारी ठेवतात, कारण स्वतःचा वेळ कोणी लिहून ठेवत नाही.

एका बॉक्ससाठी पुण्याची खेप करू नका, लोकलच्या तिकिटापेक्षा गेलेला दिवस महाग पडतो. पण पहिल्याच वेळी दहा पण उचलू नका. दोन आणा, एक पेडल ओळखीच्या बँजोवाल्याला गणपतीभर वापरायला द्या. ते टिकलं तर मग दहा. भोसरीत पत्रा लेझरने कापून वाकवून मिळतो, पण तो विचार पन्नासेक नगांची ऑर्डर हातात असेल तेव्हा. आणि स्वतःची डाय बनवून ओतकाम करायचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा, त्याला लाखांत पैसे लागतात.

दुसरा लॉट घ्यायला जाल तेव्हा जुना बॉक्स आणि व्हर्नियर बरोबर न्या. कॉपी मालात एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे असतो, आणि तेवढ्यावरून तुमचा बोर्ड आत बसत नाही.