सरळ आस आणि जुळते दाते

मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे की, त्यात गाडी हाकणारा गाडीत बसतच नाही. तो हातात एक लहानसे नियंत्रक घेऊन टेबलाशेजारी उभा राहतो, आणि त्याची तेरा-चौदा सेंटिमीटर लांबीची मोटार समोरच्या वळणावळणाच्या मार्गावरून धावते. मार्गात एक अरुंद खाच असते. गाडीच्या पुढच्या भागाखालची खुंटी त्या खाचेत अडकलेली असते. म्हणून गाडीला दिशा देण्याचे काम उरत नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असून त्यांतून सुमारे १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह गाडीतल्या चिमुकल्या विद्युत्-मोटरला मिळतो. नियंत्रकाचा खटका दाबावा तसा वेग वाढतो. वळणावर तो वेळीच सोडला नाही, तर गाडी खाचेतून उसळून थेट जमिनीवर! या गाड्यांना 'स्लॉट कार' म्हणतात.

हा खेळ घरोघरी नेण्याचे श्रेय इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस यांना दिले जाते. त्यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी स्प्रिंगवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी तयार करीत असे. १९५७ साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने विजेवर धावणाऱ्या मोटारी मांडल्या. पहिल्या गाड्यांची कवचे पत्र्याची होती. पुढे प्लॅस्टिक आले. १९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत या खेळाचे अक्षरशः वेड पसरले, नंतर ते ओसरले. पण निष्ठावान मंडळींनी तो सोडला नाही. कवचाच्या रंगरंगोटीविषयी पुष्कळ लिहिता येईल. आम्हांला मात्र त्याखालच्या दोन गोष्टींविषयी सांगावयाचे आहे, कारण शर्यतीचा निकाल बहुतांशी तेथेच लागतो. त्या म्हणजे मागच्या चाकांचा आस आणि त्याला फिरविणारी दंतचक्रे.

प्रथम थोडा हिशेब करू. अशा गाडीतली साधी मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेते. तिच्या दांडीवर ९ दात्यांचे लहान चक्र आणि आसावर २७ दात्यांचे मोठे चक्र असेल, तर आसाचे फेरे एक-तृतीयांश, म्हणजे मिनिटाला ६,००० होतात. सेकंदाला बरोबर शंभर! चाकाचा व्यास २० मिलिमीटर धरला, तर परीघ ६२·८ मिलिमीटर. म्हणजे गाडी सेकंदाला सव्वासहा मीटर, किंवा ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर धावेल. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग याहून कमीच भरतो. गाडी खऱ्या मोटारीच्या एक-बत्तिसांश आकाराची आहे, म्हणून कोणी या वेगाला ३२ने गुणून ताशी सातशे किलोमीटरचा आकडा सांगतात. तो ऐकावयास गोड आहे, पण त्यात फारसा अर्थ नाही. गुरुत्वाकर्षण काही गाडीबरोबर लहान होत नाही. आपण लक्षात ठेवावयाचा आकडा तो नव्हे. सेकंदाला शंभर फेरे, हा आहे.

आता समजा, आस किंचित वाकलेला आहे आणि त्यामुळे चाकाचा मध्य एक दशांश मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीएवढ्याने, ढळला आहे. पायी चालणाऱ्याला एवढे अंतर कळणारही नाही. पण येथे गाडीचा मागचा भाग सेकंदातून शंभर वेळा तेवढा वर उचलला जाईल आणि शंभर वेळा खाली पडेल. चाक जमिनीवर टेकण्याऐवजी तिच्यावर टकटक करू लागेल. मग वळणावर पकड कोठून राहणार?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बैलगाडीचा आस स्थिर असतो, त्याच्याभोवती चाक फिरते. सायकलचेही तसेच. असा स्थिर आस थोडा वाकला, तर चाक कलते. पण ते एकाच बाजूला कललेले राहते. आपल्या छोट्या मोटारीचा आस मात्र रेल्वेच्या डब्याच्या आसाप्रमाणे चाकांसह फिरतो. त्यामुळे त्याचा बाक कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे असा सतत हिंडत राहतो. सायकलच्या दुकानात ज्याला चाक 'आउट' होणे म्हणतात, तशी स्थिती येथे अगदी गोल, निर्दोष चाकाचीही होते. दोष चाकात नसून आसात असतो.

आसाची परीक्षा करण्यास जाड काच पुरते. चाके व चक्र काढून नुसता आस काचेवर ठेवावा, काच डोळ्याच्या पातळीवर धरावी, पलीकडे दिवा असावा आणि बोटाने आस हलकेच लोटावा. सरळ आस आवाज न करता घरंगळतो. वाकडा अडखळतो, आणि त्याच्याखाली प्रकाशाची बारीक फट उघडते व मिटते. असा आस पकडीने किंवा हातोडीने सरळ करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. एक बाक काढताना दुसरा पडतो. जेमतेम २·४ मिलिमीटर जाडीची ती पोलादी सळई. नवी घेणे बरे.

आस सरळ असून भागत नाही, तो सरळ बसलाही पाहिजे. तो ज्या दोन पितळी बुशांत फिरतो, ते एका रेषेत नसतील तर सरळ आसही अडकून फिरेल. म्हणून बुश आधी चिकटवून त्यांत आस घालण्याचा प्रयत्न करू नये. आस दोन्ही बुशांतून ओवावा, त्याला तेलाचा पुसट हात लावावा म्हणजे गोंद आत शिरणार नाही, आस सहज फिरतो आहे हे पाहावे आणि मगच बुशाच्या बाहेरच्या कडेला सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब द्यावा. आस गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात आहे की नाही हे भूमितीने ठरवता येते. पुढच्या खुंटीच्या केंद्रापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे मोजावीत. आस दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलेला असेल आणि ही अंतरेही समान असतील, तर तयार होणारा त्रिकोण समद्विभुज, आणि काम बिनचूक. वर्गात ज्या प्रमेयाचा उपयोग काय असे आपण विचारतो, त्याचा हा एक उपयोग.

आता दंतचक्रांकडे वळू. मोटर गाडीत लांबीच्या दिशेने बसवलेली असेल, तर आसावरच्या चक्राचे दाते मुकुटाप्रमाणे एका बाजूला वळलेले असतात. मोटर आडवी असेल, तर दोन्ही चक्रे साधी असतात आणि दोन्ही दांड्या काटेकोर समांतर लागतात. दोन्ही चक्रांच्या दात्यांचे माप एकच असले पाहिजे. केवळ 'बसतात' म्हणून वेगळ्या मापाची चक्रे जोडल्यास ती एकमेकांना खातात.

लहान चक्राचे भोक मोटरच्या २ मिलिमीटर दांडीपेक्षा नावापुरते लहान असते, म्हणून ते दाबून बसवावे लागते. हातोडीचा मोह येथे टाळावा. दांडी वाकते, किंवा आतला फिरता भाग मागे सरकतो. छोट्या दाबयंत्राने, दांडीच्या दुसऱ्या टोकाला टेकू देऊन, सावकाश दाबावे. दाब मोटरच्या कवचावर येता कामा नये. मुकुटचक्राच्या रचनेत लहान चक्राचे टोक आसाला घासणार नाही एवढे अंतरही राखावे.

दाते किती जवळ असावेत? अगदी घट्ट बसले तर शक्ती घर्षणात जाते. फार सैल असले तर खटका दाबताच दात्यावर दाता आदळून झिजतो. पातळ कागदाची पट्टी दोन्ही चक्रांमध्ये धरून ती जुळवावीत, चक्राचा स्क्रू आवळावा आणि चक्र हाताने फिरवून कागद काढावा. कागदावर दात्यांचे ठसे उमटावेत, पण तो फाटू नये. त्यानंतर मोठे चक्र धरून हलवल्यास जाणवेल न जाणवेल एवढी ढिलाई असावी, आणि ती पूर्ण फेरीत सारखी असावी. एके ठिकाणी घट्ट व समोरच्या ठिकाणी सैल लागले, तर पुन्हा काचेकडे जावे; बहुधा आसच वाकडा निघेल, नाहीतर चक्राचे भोक मध्यावर नसेल.

जाता जाता दात्यांच्या संख्येची एक गंमत. ९ आणि २७ या जोडीत लहान चक्राचा प्रत्येक दाता मोठ्याच्या त्याच तीन दात्यांना पुनःपुन्हा भेटतो. एखादा दाता सदोष असला तर तेवढेच तीन झिजतात. मोठ्या चक्राला २८ दाते दिले, तर ९ व २८ यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो, आणि मूळ जोडी २५२ दात्यांनंतर पुन्हा जमते. झीज वाटली जाते. लसावि काढता येणाऱ्याने हे स्वतः पडताळून पाहावे.

सर्व बसल्यावर गाडी एकदम पूर्ण दाबावर सोडू नये. चाके अधांतरी राहतील अशी ती ठेवून ३-४ व्होल्टवर काही मिनिटे फिरू द्यावी आणि कान द्यावा. एकसारखी गुणगुण आली तर ठीक. गुरगुर येऊन जाऊन ऐकू येत असेल, तर आस किंवा चक्र डोलते आहे. काहीजण दात्यांना टूथपेस्ट लावून ते घासून घेतात. तसे केल्यास ती पाण्याने पूर्ण धुवावी, मोटरमध्ये थेंब जाऊ देऊ नये. बुशांना तेलाचा एकच थेंब पुरे. अधिक घातलेले तेल चाकांच्या रबरावर उडते आणि पहिल्याच वळणावर गाडी खाचेबाहेर जाते. दहा-बारा फेऱ्यांनंतर चक्राचा व चाकांचा स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहावा. नव्या गाडीत तो हमखास थोडा सैल झालेला आढळतो.