गेम तुमचा, पण त्यातली चित्रं कुणाची?

रिठदमध्ये बसून मोबाइल गेम बनवायचा तर वाशीमलाही चकरा माराव्या लागत नाहीत. सगळं ऑनलाइन होतं. इंजिन म्हणून गोडो घ्या. फुकट आहे, परवाना एमआयटी. तुमचा गेम तुमचाच राहतो, कमाईतला वाटा कुणी मागत नाही. गेममध्ये गोडोचा परवाना-मजकूर तेवढा ठेवायचा. चौथीच आवृत्ती घ्या. तिसरीत मराठी जोडाक्षरं फुटतात. इंजिनाची फाइल छोटी, पण अँड्रॉइडसाठीचं सामान काही जीबी भरतं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर भागणार नाही.

प्ले स्टोअरच्या खात्याला २५ डॉलर, एकदाच. वय १८ पूर्ण, सरकारी ओळखपत्र आणि परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड लागेल; बँक चलन बदलण्याचे पैसे वेगळे कापते. वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी. म्हणजे महिना हाताशी ठेवा. ॲपलचे ९९ डॉलर दरवर्षी. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

खरी गोम पुढे आहे. ‘ओपन सोर्स’ म्हणजे फक्त कोड खुला. ‘डूम’ या गेमचा कोड १९९७ मध्ये खुला झाला, त्यातली चित्रं आणि लेव्हल मात्र आजही कंपनीचीच. नेटवरचं चित्र घेताना परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) असेल तर: सीसी-झिरो बिनधास्त वापरा, सीसी-बायला श्रेय द्या, ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर जाहिरातीच्या गेममध्ये नको. जुनी ओवी सगळ्यांची, पण तिचं यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग नाही. तुकडोजी महाराजांचं भजन घालायचंय? निधन १९६८ चं, त्यामुळे हक्क २०२८ अखेरपर्यंत. आधी परवानगी काढा.

मित्राने संगीत दिलं, तुम्ही पैसेही दिले, तरी हक्क आपोआप तुमचा होत नाही. सहीचा लेखी करार हवा, आणि त्यात ‘कायमचे, जगभरासाठी’ लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. प्ले स्टोअरवरचा गेम दुबईतही उतरवला जातो.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. तरी करायची तर संगणक प्रोग्रामला ५०० रुपये, आक्षेपांसाठी ३० दिवस थांबायचं. एजंट यासाठी हजारो मागतात, देऊ नका. गेमच्या नावाला कॉपीराइट नसतो. त्यासाठी ट्रेडमार्क, व्यक्तीला ऑनलाइन प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये.

आणि ‘गेम माझ्या प्ले स्टोअर खात्यावरून टाकून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पैसे खातेदाराच्या बँकेत जातात.