साखळी नको, दोर लांब हवा

प्रश्न : मित्राने बुल टेरियर आणि गावठी कुत्रीचं पिल्लू दिलंय. पांढरंशुभ्र आहे, चार महिन्यांचं. शेतावर राखणीला ठेवायचा विचार आहे. जमेल का? – एक वाचक, रोहणा (जि. वर्धा)

उत्तर : जमेल, पण बांधून ठेवाल तर नाही. बुल टेरियर ही जात १८६०च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून घडवली. हट्टी आणि माणसांत रमणारं कुत्रं. साखळीला एकटं पडलं की स्वतःचीच शेपटी धरून गरगर फिरतं. एकदा ही सवय लागली की सुटणं कठीण. गावठी आईमुळे पिल्लू थोडं काटक निघेल, इतकंच.

आधी त्याच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवा. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो. वळून पाहिलं नाही, तर हाताच्या खुणांनी शिकवा.

आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला दुपारी बाहेर काढूच नका. विरळ केसांखालची गुलाबी कातडी, विशेषतः नाक आणि कान, उन्हाने भाजते. फिरवणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर, दोर हातात ठेवून, कारण शेळी-कोंबडी दिसली की त्याचा ताबा सुटू शकतो. कपाशीवर फवारणी सुरू असेल त्या दिवशी घरीच ठेवा. पंपाजवळचं सांडलेलं पाणी ते चाटेल.

रेबीजची लस राहिली असेल, तर याच आठवड्यात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोचिडांचं औषधही तिथेच, वजन करून घ्या. गुरांचं औषध अंदाजाने लावू नका.